चढलेली वीत

आमच्या गावात नवराबायकोच्या दोन चटया शेजारी अंथरताना एकीची कड दुसरीवर वीतभर चढवतात. मधे जमीन दिसली, की समजायचं घरात भांडण आहे.

लुमिंगचा नवरा पिनोंग होडी घेऊन समारच्या समुद्रात गेला, तो परतलाच नाही. तरी ती रोज दोन्ही चटया अंथरते. आज सकाळी तिनं मला हाक मारली, "मानंग, जरा मोजून देतेस?" मी थोरली, म्हणून मानंग.

चटया मीच विणलेल्या, पाच-पाच विती रुंद. पाच नि पाच दहा; चढलेली वीत एकदाच धरायची, म्हणजे नऊ. खोलीही नऊ विती. जमीन अगदी बरोबर झाकली जाते.

मी मोजलं. चढलेला भाग तीन विती भरला.

"मग सातच विती झाकल्या जाणार," मी म्हटलं. "उरलेल्या दोन विती जमीन कुठाय?"

कुठंच नव्हती. दोन्ही चटया आपापल्या भिंतीला टेकलेल्या. मी पुन्हा मोजलं. चटया पाच-पाच, खोली नऊ.

"थट्टा करतेस का गं म्हातारीची?" मी डाफरले. "काल किती चढली होती?"

"दोन विती."

"मग बसून काय राहिलीस? ओढ तुझी चटई अलीकडे!"

"तो जायच्या आदल्या रात्री मी रागानं ओढूनच घेतली होती, मानंग," लुमिंग म्हणाली. "आता ओढते, तर येत नाही."