वरचा बहर

हॉस्पिटलमधून प्रतिमा गेल्याचा फोन आला, तेव्हा दारातलं डॉगवूडचं झाड फुललं होतं. "माझी रक्षा फुललेल्या डॉगवूडखालीच टाका. नाहीतर ठेवाल गराजमध्ये, ड्रिलशेजारी," असं ती मला बजावून गेली होती.

"बाबा, आईची रक्षा टाकली का?" आमची ऋता दर रविवारी फोनवर विचारायची.

"दारातला बहर गळला गं. वर ब्लू रिजच्या डोंगरात थंडी असते, तिथे उशिरा फुलतं. तिकडे जातो."

काल गेलो. आज तिला सांगितलं, "वरचाही बहर गळला. आता पुढच्या वर्षी."

वर झाडं बहरानं पांढरीशुभ्र होती. रक्षेचा डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो आणि परत आलो.

रक्षा टाकायची राहिली आहे. डबा गराजमध्ये आहे, ड्रिलशेजारी.