तांडेलचा गुडघा

चौथा फोन मी नागपूरच्या कोचला लावला. मी कोच असलेल्या बास्केटबॉल संघातल्या छत्तीस वर्षांच्या तांडेलला दुसऱ्या संघाकडे देऊन टाका, असं मालकांनी मला बजावलं होतं. ठाणे, कोल्हापूर आणि इंदूरने त्याचं वय ऐकूनच नकार दिला होता.

"आम्हाला अनुभवी माणूस हवाच आहे. पण गुडघे कसे आहेत त्याचे?" नागपूरच्या कोचने विचारलं.

"ठणठणीत," मी म्हणालो.

"मग पाठवा. जरा त्याच्याशी बोलू द्या."

मी तांडेलला कोर्टवरून बोलावलं, सगळं सांगितलं आणि फोन देताना हळूच म्हणालो, "गुडघ्याचं काढू नकोस."

तो फोनवर म्हणाला, "सर, उजव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली आहेत. आमच्या कोचना ठाऊक नाही. मीच त्यांच्यापासून लपवलं होतं."

नागपूरनेही नकार दिला. तांडेलने फोन माझ्या हातात ठेवला आणि सरावाला परत गेला. त्याला हाक मारायचीही मला लाज वाटली. दोन्ही ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात त्याच्या उशाशी मीच बसलो होतो.