बोलून दाखव

मास्तरांनी त्या आठवड्यात येण्याजाण्याचे, आज-उद्याचे इंग्रजी शब्द शिकवले होते. आठवीतली यमू रोज संध्याकाळी चुलीपुढे बसून, आईच्या भाकरीच्या थापांवर, ते मोठमोठ्याने पाठ करायची.

रविवारी तिला बघायला किन्हवलीहून पाहुणे आले. मुलगा बिजवर होता, तिच्या बापाच्याच वयाचा. बापाने आधीच शब्द देऊन टाकला होता. नाव विचारून झालं, चालून दाखवून झालं. मग मुलाचे काका म्हणाले, "इंग्रजी शिकतेस ना गो? बोलून दाखव जरा."

यमूने एकदा बापाकडे पाहिलं. समोर बसलेल्यांपैकी इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं. रोज पाठ करायची तशीच ती मोठ्याने म्हणाली,

"टुमॉरो मॉर्निंग आय गो. आय नॉट कम बॅक. यमू ॲब्सेंट."

"वा! पोर हुशार हाय," काका खूश झाले. बाप मिशीत हसला. "जा गो, चहा आण."

ती आत गेली. लांब वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. मुरबाडला, मावशीच्या गावाला जाणारी ती दिवसातली शेवटची गाडी.

चुलीवर चहाचं आधण नव्हतंच. आईने मागचं दार उघडून ठेवलं होतं. तिने कपड्यांचं गाठोडं यमूच्या हातात कोंबलं आणि हळूच म्हणाली,

"टुमॉरो नाय, पोरी. टुडे."