धुतलेलं जाळं

शेजारणीनं किनाऱ्यावरून डबाभर काळं तेल आणलं आणि केरसुणीनं ते अंगणातल्या जाळ्याला फासायला घेतलं. ते जाळं उंदरांनी केव्हाच कुरतडलेलं. आज मुद्दाम माळ्यावरून खाली काढलेलं.

"थोडं नवऱ्यालाही फास गं," समोरच्या पायरीवरून म्हातारी म्हणाली. "तेही जुनंच नुकसान आहे."

शेजारीण हसली नाही. "उद्या कंपनीचा साहेब पाहणीला येतोय, राणीसरकार. डोळ्यांना दिसेल त्याचीच भरपाई मिळणार. तुम्ही बसा तोऱ्यात."

राणीसरकार हे नाव गल्लीनं तिला टिंगलीनं ठेवलेलं. तिनं ते मानानं घेतलं होतं. आणि तोऱ्यात ती बसलीच होती. कंपनीचं जहाज फुटून समुद्र काळा झाला, तेव्हापासून सगळी गल्ली तिच्या नजरेतून उतरली होती. ज्यांनी ऊन डोक्यावर आल्याशिवाय कधी होडी पाण्यात लोटली नाही, ते आता छाती बडवत होते. कोपऱ्यावरचा चहावालासुद्धा भरपाई मागत फिरत होता. त्याच्या चहात तेल पडलं असतं तर निदान काही चव तरी आली असती.

नुकसान तिच्या घरचंही झालं होतं, आणि खरं झालं होतं. तेल आलं तेव्हा लेकाचं नवंकोरं जाळं समुद्रातच होतं. वर ओढलं तर डांबरात बुडवून काढल्यासारखं.

"भरपाई मिळाली तर दुसरं जाळं घेईन," लेकानं सांगितलं होतं. "नाही मिळाली तर होडी विकायची आणि शहरात गोदामावर हमालीला जायचं. मी, ही आणि पोरगी. तू यायचं की नाही, तुझं तू बघ."

घरात माणसंच नसली तर टोमणे मारायचे कुणाला, एवढंच म्हातारीच्या मनात आलं, आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

आता लेक आणि सून पोरीला घेऊन कागदपत्रं आणायला तालुक्याला गेले होते. ती घरात एकटी. उद्या साहेब येणार, म्हणजे परका माणूस उंबऱ्याच्या आत येणार. परक्यापुढे घाण मांडून बसायची रीत तिच्या माहेरीही नव्हती आणि सासरीही नव्हती. तिनं पदर खोचला. जाळं अंगणात ओढलं. आधी रॉकेल, मग कढत पाणी, मग धुण्याचा सोडा. घासून घासून बोटांची सालं निघाली. होडीचाही काळा थर तिनं खरवडून काढला. दिवस कलला तेव्हा जाळं दोरीवर हिरवंगार झुलत होतं.

लेक आला तो दारातच मटकन खाली बसला. "आई, काय करून ठेवलंस हे?"

"हे घर आहे, उकिरडा नाही. माखून दाखवावं चोरांनी. खऱ्याला तोंडाचा शब्द पुरतो."

सकाळी साहेब आला. शेजारणीच्या अंगणात नाकाला रुमाल लावून त्यानं उभ्या उभ्या फोटो काढले. म्हातारीच्या उंबऱ्यापाशी मात्र थांबला आणि म्हणाला, "बूट काढू का, मावशी?"

तिथंच ती विरघळली. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तेलात सापडलं ते हेच जाळं? कमाल आहे! कसं काय धुतलंत?"

गल्लीत आजवर कुणी तिला काही विचारलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, पाणी किती तापवायचं तेसुद्धा. साहेब मान डोलवत लिहून घेत होता.

"आणि वास? तो राहतोच ना?"

राहिलाच होता. तेल दोऱ्याच्या पोटात शिरलं होतं. त्या जाळ्यातला मासा बाजारात कुणी हातात धरला नसता. हे सांगायला सुनेनं तोंड उघडलं. म्हातारीनं तिला डोळ्यांनीच मागे रेटलं.

"माझ्या घरात वास? हुंगून बघा, साहेब. घडी मोडलेली नाही अशा साडीसारखं आहे."

"छे, छे. तुमचा शब्द पुरे, मावशी," साहेब म्हणाला, आणि त्यानं जाळ्याशेजारी तिचा फोटो काढला. तिनं हनुवटी वर ठेवली होती.

पुढे कितीतरी दिवस गल्ली ते वाक्य ऐकत होती. पाणी भरताना, दळण आणताना. 'तुमचा शब्द पुरे.' ऐकलंस का गं, केरसुणीवाले?

मग कंपनीनं निकालाची सभा बोलावली. सगळा किनारा एका दालनात कोंबला होता. लेक दाराशी उभा राहिला. म्हातारी पुढे जाऊन बसली, पहिल्या रांगेत. व्यासपीठामागे पडदा होता. त्यावर ती उमटली. केवढी मोठी! शेजारी हिरवंगार जाळं.

"तेलानं जाळी वाया गेली हा समज चुकीचा आहे," साहेब बोलत होता. "एका दिवसाच्या मेहनतीत जाळं पहिल्यासारखं होतं. वासही राहत नाही. हे कंपनी म्हणत नाही, तुमच्यातल्याच या मावशी म्हणतात. तेव्हा जाळ्यांची आणि होड्यांची भरपाई कुणालाच देण्याचं कारण उरत नाही. मावशी, जरा उभ्या राहता का?"

ती उभी राहिली. चारचौघांत कुणी मानानं बोलावलं तर बसून राहायचं कसं, ते तिला माहीत नव्हतं.

मग मागून एक टाळी वाजली. सावकाश. मग आणखी एक.

शेजारीणच ती, दुसरं कोण जळणार आपल्यावर, असं म्हणत म्हातारी ठसक्यात मागे वळली. शेजारीण पदरात तोंड खुपसून रडत होती. टाळ्या म्हातारीचाच लेक वाजवत होता.