ओळखीचा आवाज

जुन्या अमेरिकन प्रेमगीतांचं रेकॉर्डिंग आटोपून ती जॅझ गायिका कितीतरी महिन्यांनी घरी परतली. दोन वर्षांची लेक मात्र मावशीच्या कडेवरून उतरायलाच तयार नव्हती. आईने खेळणी दाखवली, लाडीगोडी लावली, घरभर येरझाऱ्या घातल्या.

"अगं, तुझी गाणी लावल्याशिवाय घास घेत नाही ही. गाऊन तर बघ," बहीण म्हणाली.

आईने त्यातलंच एक गाणं धरलं. पोरीचा चेहरा एकदम खुलला. "आई!" म्हणत ती कडेवरून घसरली आणि धावत सुटली. गाता गाताच आईने दोन्ही हात पसरले.



पोर त्या हातांखालून निसटली आणि कोपऱ्यातल्या स्पीकरला गच्च मिठी मारून बसली.