वादळाआधीचा फोन

चमच्यातलं पाणी तिने बाबांच्या ओठांशी नेलं. त्यांनी ते लगेच गिळलं नाही, तोंडात घोळवत ठेवलं.

"अजून थोडं दे की," ते म्हणाले. "एवढ्यात नुसती मिशीच भिजली."

ती हसली नाही. पाणी मोजूनच द्यायचं होतं, प्यायलेलं सगळं अंगातच साठत होतं. बाबांचे पाय सुजून उशीसारखे झाले होते. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. त्यांच्या दोन्ही किडन्या कधीच निकामी झाल्या होत्या. एक दिवसाआड डायलिसिस केंद्रात जायचं, यंत्रातून रक्त गाळून घ्यायचं, आणि त्या जोरावर पुढचा दिवस काढायचा, असं त्यांचं चाललं होतं. आता खाली रस्त्यावर पुराचं पाणी होतं. वीज नव्हती, फोन मुके झाले होते, आणि केंद्राकडे जाणारा पूल खिडकीतून दिसेनासा झाला होता.

तयारीत काही कमी नव्हतं. केंद्राने शिकवलं होतं तसा बाबांनी स्वतःच एक डबा भरून ठेवला होता. त्यात बिनमिठाची बिस्किटं होती, साखर होती, औषधं होती. पूर आला तर आधी कोणाला बाहेर काढायचं, त्या यादीत आपलं नाव त्यांनी बचाव पथकाकडे आधीच नोंदवलं होतं. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस तो. "दोन मजल्यांच्या मध्ये अडकलो आहोत असं समज," ते तिला म्हणाले होते. "अशा वेळी दार ओढायचं नसतं. गप बसून राहायचं, वरून कोणीतरी येतंच."

समोरची शेजारीण मायेने केळी घेऊन आली. मुलीने ती दारातूनच परत केली. केळ्यात पोटॅशियम फार, आणि अशा अवस्थेत एखादं केळंही बाबांचं हृदय बंद पाडू शकलं असतं.

"किती जपतेस गं वडिलांना," शेजारीण म्हणाली.

तिने दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

वादळाच्या आदल्या दिवशी सकाळीच केंद्रातून फोन आला होता. "उद्या रस्ते बंद होतील. बाबांना आज दुपारीच आणा, त्यांच्यासाठी जागा ठेवली आहे." न्यायला तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. आणि त्याच संध्याकाळी तिचं नाटक होतं. बाबांच्या आजारपणात सुटलेली हौस तिने कितीतरी वर्षांनी पुन्हा धरली होती. जेवणाच्या सुट्टीत तालमी केल्या होत्या. भूमिका छोटी होती, पण तिची होती. डायलिसिसला गेलं असतं तर बाबांना घरी आणून झोपवेपर्यंत पडदा पडला असता.

"आज त्यांना जरा कणकण आहे," ती फोनवर म्हणाली. "उद्या सकाळी लवकर आणते."

पाठ केलेल्या वाक्यासारखं ते तोंडातून बाहेर पडलं. बाबांना तिने फोनचं सांगितलंच नाही. ऑफिसात जादा काम आहे, एवढंच म्हणाली. प्रेक्षक मोजकेच होते, पण टाळ्या पडल्या तेव्हा तिचा ऊर भरून आला. बाहेर पडली तेव्हा वारा सुटला होता. घरी बाबा जागेच होते.

"झालं काम?" त्यांनी विचारलं.

"झालं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पाणी रस्त्यावर आलं.

पूर उतरेना, आणि बाबांची धाप वाढत गेली. आडवं झालं की छाती पाण्याने भरल्यासारखी व्हायची, म्हणून ती पलंगावर त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली. त्यांच्या प्रत्येक श्वासाची घरघर तिच्या मणक्यात उतरत होती. त्यांनी रागावावं, तहान लागली म्हणून ओरडावं, असं तिला वाटत होतं. ते शहाण्या मुलासारखे चमच्याची वाट बघत बसायचे.

शेवटी बचाव पथकाची होडी आली. नाव नोंदवलेलं होतं म्हणून इमारतीत सगळ्यांत आधी त्यांच्या दारावर थाप पडली. दोन जवानांनी बाबांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. "जन्मभर लोकांना लिफ्टमधून सोडवलं," ते धापा टाकत म्हणाले, "आणि माझी वरात निघाली जिन्याने." जवान हसले. तिने तोंड फिरवलं.

उंचावरच्या मोठ्या इस्पितळात यंत्र चालू होतं. रक्त नळीतून फिरू लागलं आणि हळूहळू बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला. "थोडक्यात निभावलं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

आता ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. कोणाला काही कळणार नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "वादळाच्या आदल्या दिवशी केंद्रातून फोन आला होता. त्याच दिवशी बोलावलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. ऑफिसचं काम नव्हतंच. माझं नाटक होतं."

बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"ठाऊक आहे. फोन आधी मलाच आला होता. मी म्हटलं, माझ्या मुलीला विचारा, मला तीच घेऊन येते. आणि नाटकाचं काय, बाथरूममध्ये संवाद म्हणतेस ते अख्ख्या घराला ऐकू येतात."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू विचारशील म्हणून थांबलो. तू घराबाहेर पडेपर्यंत थांबलो. 'बाबा, आज जायचं की उद्या?' एवढंच विचारायचं होतंस. मी म्हणणार होतो, उद्या जाऊ गं, आज तू नाटक कर."

सुई नसलेला हात त्यांनी तिच्या हातावर ठेवला.

"तुला द्यायला माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. ते तू न विचारताच घेऊन टाकलंस."