ऐनाची फांदी

दिनेशच्या पत्राला दोन वर्षं उत्तर गेलं नव्हतं. डोंगर चढताना गुणवंतरावांना दम लागायचा, पण त्या पत्राला लागत नव्हता. ते त्यांच्या मागोमाग येतच होतं.

‘आपल्या स्वातीशी लग्न करण्याची इच्छा आहे. आपलं मत कळवावं.’ एवढंच होतं त्यात. वर पत्ता आश्रमशाळेचा. तिथे स्वातीनं वर्षभर शिकवलं होतं. मध्ये कुणी मोठं माणूस नाही, मुलगा जंगलातल्या गावचा, आपल्या जातीचाही नाही, आणि लिहिणं असं, जणू ग्रंथालयातून पुस्तक मागवतोय. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात उभा जन्म ग्रंथपाल राहिलेल्या गुणवंतरावांना त्या साधेपणाचाच राग आला होता. उत्तर लिहायला बसले की राग कागदावर मावायचा नाही; मावला तर फिका वाटायचा. होय लिहिलं गेलं नाही, आणि नाहीही नाही.

स्वातीनं एकदाच सांगितलं होतं, “बाबा, तुमी नाई म्हनलं तरी चालन. पन काईतरी सांगा.” पुढे तिनं विषय काढला नाही, आणि दुसरं एकही स्थळ पाहू दिलं नाही.

ही पायपीट म्हणजे मुलाची, प्रफुलची टूम. तंबू आणि शिधा पाठीवर घ्यायचा, गडचिरोलीच्या डोंगरांमधून जुन्या पायवाटेनं गावोगाव मुक्काम करत जायचं. सून मंजुषानं निघतानाच सासऱ्यांची सॅक उचलून पाहिली आणि विचारलं, यात तांदूळ आहे की पुस्तकं. पुस्तकंच होती. सगळे हसले. गुणवंतरावांनी तेही मनात ठेवलं.

वाट दाखवायला सुकलू होता. वाटेला फाटा फुटला की तो ऐनाच्या झाडाची पानांसकट फांदी तोडायचा आणि जी वाट घ्यायची नाही तिच्या तोंडावर आडवी टाकायचा. आडवी फांदी म्हणजे इकडे येऊ नका, हे त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना समजावलं होतं.

“आपन तं सारे संगच हावो,” गुणवंतराव म्हणाले. “मंग हे कोनासाठी?”

“मागून येनाऱ्यासाठी.”

“कोन येऊन राह्यलं मागून?”

“कोनी बी येईन, भाऊ.”

हे उत्तर त्यांना टोचलं. मग एकेक गोष्ट जुळू लागली. स्वाती नेहमी सगळ्यांच्या शेवटी चालायची. उंचावर मोबाइलला रेंज आली की काहीतरी लिहायची आणि स्वतःशीच हसायची. काल मागच्या खोऱ्यातून धूर वर येताना दिसला होता. म्हणजे हे सगळे मिळालेले होते. पुढच्या मुक्कामी तो दिनेश मागून येऊन उभा राहणार, चारचौघांत पाया पडणार, आणि लाजेकाजेस्तव आपल्याकडून होकार काढून घेणार. बापाला विचारायचं नाही, घेरायचं! चालता चालता त्यांनी मनात किती भाषणं केली. तोंडातून एकही निघालं नाही.

दुपार कलल्यावर, एक नाला ओलांडताच, फाटा आला. एक वाट बांबूतून खाली उतरत होती, दुसरी डावीकडे चढत होती. सुकलूनं डावीकडच्या वाटेवर फांदी टाकली. ती कुठे जाते, असं प्रफुलनं विचारलं, तर वरच्या गावाला, एवढंच सांगून तो खाली उतरू लागला.

गुणवंतराव दगडावर बसले. बुटाची नाडी सुटली आहे, तुम्ही चला, मी आलोच, असं त्यांनी सांगितलं. बोलण्याचे आवाज बांबूत विरून गेले. सगळे पुढे गेले असं समजून त्यांनी उठून फांदी उचलली आणि उतरत्या वाटेवर आडवी टाकली. आयुष्यात कुणाच्या पुस्तकाचं पानसुद्धा न दुमडलेला माणूस! येऊ दे आता मागून, म्हणाले मनाशी. भटकू दे. आणि भराभर खाली उतरले.

मुक्कामाच्या गावी मंजुषा चुलीसाठी दगड मांडत होती. तिनं मान वर केली.

“बाबा, स्वातीताई कुठी हाय?”

“तुमच्या संग नाई?”

“ते तं मांगं नाल्यावर बाटल्या भराले थांबली होती. आमाले वाटलं, तुमी तिच्यासाठीच बसले.”

गुणवंतराव खाली बसले. त्या फाट्यावर, त्या फाट्यावर, इतकंच ते म्हणत राहिले. सुकलू आणि प्रफुल बॅटरी घेऊन धावले. अंधार पडल्यावर प्रफुल एकटाच परतला. सुकलू वरच्या गावाकडे गेला होता. झोप कुणालाच आली नाही.

ऊन वर आलं तेव्हा बांबूतून माणसं उतरताना दिसली. पुढे सुकलू, मागे स्वाती. तिच्या शेजारी एक उंच, सावळा तरुण आणि टोपली घेतलेली त्याची आई सोमारी. तो दिनेशच, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

पोर जिवंत दिसली आणि गुणवंतरावांचा कोंडलेला राग एकदम उसळला. जन्मात पहिल्यांदा ते चारचौघांत ओरडले.

“सारं ठरवूनच होतं तं मले काऊन आनलं इथी? माह्या उत्तराची वाट पाहनार होती ना तू? बापाले न विचारता याच्या घरी गेली?”

स्वाती शांतपणे जवळ आली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. ती त्यांच्या पायाशी वाकली.

“बाबा, मी नाल्यातून पाहून राह्यली होती,” ती म्हणाली. “वर दिनेशचं गाव हाय. तुमी सोताच्या हातानं फांदी उचलून माही परतीची वाट बंद केली आन् त्याच्या घरची मोकळी केली. दोन वर्षं तुमच्या तोंडातून शब्द निघत नव्हता, मले ठाऊक हाय. म्हनून तुमचं उत्तर मीच पोचवून आली.”